पूर्ण लक्ष देऊन ऐकलेलं भाषण

प्रिय मावशीस,

ठमीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद सांगितला होता, तो बंद केलास की फक्त डॉक्टर बंद केलेस? इकडे सगळं ठीक. म्हणजे हे ठीक आहेत, यांचं चष्म्याचं दुकान ठीक आहे, आणि मी सोमवारपासून अपराधी आहे. ते सविस्तर सांगायलाच हे पत्र.

राष्ट्रीय रेडिओच्या श्रोता विभागात माझं नाव तूच घातलंस. दिवसभराचे कार्यक्रम ऐकायचे, छापील तक्ता भरायचा (वेळ, कार्यक्रम, लक्ष टिकले का), खाली ‘वरील सर्व मी स्वतः ऐकले आहे’ यावर सही करायची. अहवाल चांगले आले की तुझ्या ‘टेलिफोनच्या बोर्डावरची चाळीस वर्षं’ या भाषणाला सहा भाग मिळणार, नाहीतर सोमवारची दहा मिनिटं झाली की नमस्कार. निवृत्त झाल्यापासून दिवसभरात कुणाशी बोलणं होत नाही, असं तू मागे सहज म्हणालीस. सहज म्हणालीस म्हणूनच माझ्या ध्यानात राहिलं. तेव्हा मी रविवारीच पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

सकाळी सहाला व्हायोलिन लागलं. मग हवामान, आणि मग एक बाई नद्यांच्या पाण्याची पातळी वाचू लागल्या. मावशी, हे तू कधी ऐकलं आहेस? एकेक नदी, तिचा एकेक आकडा, आणि मध्ये श्वासाएवढी जागा. मला वाटलं, देशभरातल्या नद्या रांगेत उभ्या राहून आपली उंची मोजून घेताहेत. (तक्त्यात मी ‘उपयुक्त’ एवढंच लिहिलं. हे खोटं झालं का, याचा विचार अजून चालू आहे.) नंतर रेडिओवरून बुद्धिबळ. एक गृहस्थ घोडा हलवायचे आणि आपण घरी हलवायचा. आपल्याकडे पट नाही म्हणून मी चहाचे कप हलवले आणि साडेनऊला हरले. मग समूहगान, बातम्या, दातांची निगा, बासरी. बासरी चालू असताना खिडकीचा पडदा फुगत होता आणि बसत होता, अगदी तालात, आणि त्याचे गुण कुणाच्या रकान्यात मांडायचे ते मला कळेना. एकला हे जेवायला आले. जेवण झालं आणि खतांवरची चर्चा सुरू झाली.

तुझं भाषण अडीचला. ते मी ऐकलं. काय ऐकलं म्हणून सांगू! तू अगदी हळू बोललीस, तारेतून आल्यासारखी. म्हणालीस, दोन माणसं जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, एवढंच आमचं काम. आणि मग त्या जोडप्याबद्दल सांगितलंस, जे रोज चार वाजता फोन लावायचं आणि दोन्हीकडून कुणी बोलायचंच नाही. बाकीचे दिवे लुकलुकत असायचे, तरी तू त्यांची तार काढली नाहीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चारला पाहिलं तर रेडिओ गप्प होता, माझ्या गालावर टेबलक्लॉथची वीण उमटली होती आणि तक्त्याचे रकाने कोरे होते. पाचेक मिनिटं डोळा लागला असेल, असं समजून सगळं आठवून भरलं. तुझ्यापुढे लिहिलं: ‘लक्ष पूर्ण टिकले, विशेषतः फोनवर न बोलणाऱ्या जोडप्यापाशी. या बाईंना सहा भाग द्यावेत.’ सही केली आणि पाचच्या टपालात टाकून आले.

संध्याकाळी हे दुकानातून आले. म्हणाले, “झाली का झोप? दीड वाजता मीच बंद केला रेडिओ. तो माणूस खतांवर बोलत होता आणि तू झोपेत त्याला माना डोलावत होतीस.”

मी म्हटलं, “मग मावशीचं भाषण?”

“ते मला काय विचारतेस? ऐकलंयस तू.”

तेव्हा मावशी, कृपा करून तुझं लिहिलेलं भाषण पाठव. मी ते वाचीन आणि माझ्या सहीला निदान मागून तरी खरं करीन.

तुझी,
ठमी

ता. क. पत्र बंद करणार तोच तुझं कार्ड आलं. म्हणजे सोमवारी वाद्यवृंद लांबला, तुला स्टुडिओच्या दारातून परत पाठवलं, आणि तुझं भाषण येत्या सोमवारी थेट व्हायचं आहे! मी न झालेलं भाषण झोपेत ऐकलं. अहवाल मागे घ्यायला श्रोता विभागात फोन केला, तर तिथल्या बाई मला बोलूच देईनात. कुठला कार्यक्रम खरंच झाला, हे तिथे कुणी ताडून बघत नाही असं दिसतं. त्यांनी तो वरच्या साहेबांना वाचून दाखवला होता आणि साहेब सोमवारी स्वतः ऐकायला बसणार आहेत. विशेषतः ते जोडपं.

ता. क. २. तू आम्हाला दोनदा वाचून दाखवलेलं भाषण फार माहितीपूर्ण आहे. त्यात बावीस सन आहेत. (मी मोजले. तू भीड ठेवू नकोस म्हणाली होतीस. मी तेव्हा ठेवली.) तर सनांऐवजी ते जोडपं घेता येईल का? पण खोटं बोलायला मी तुला सांगणार नाही. तसं कुणी खरंच तुझ्या बोर्डावर येत असे का, तेवढं उलट टपाली कळव. येत नसेल तर मी साहेबांना सगळं कबूल करीन. फक्त उत्तर घाईत लिहू नकोस. चाळीस वर्षं आहेत, नीट आठवून बघ.