आधी शत्रूची बाजू

श्री

अलिबाग, बुधवार, ता. २१ जानेवारी १९५९

चि. सौ. नलू हीस,

अंबाकाकाचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापे.

यंदा वाल झकास आले आहेत. रविवारी मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावली होती. मडकं फोडलं तेव्हा दादासाहेबांनी पहिली मूठ तुझ्या नावाने बाजूला काढली. पांढरा कांदा अजून जमिनीत आहे, निघाला की माळ पाठवीन. सुके सोडे मात्र आत्ताच पाठवतोय. लाँचवरचा हिरामण हे पत्र घेऊन येईल, त्याच्याकडून पुडा घे आणि त्याला चहा पाज.

तुझ्या दादांची प्रकृती चांगली आहे. जेवतात चांगलं, झोपही लागते. म्हणजे शरीराने तरी काही तक्रार नाही.

नलू, तू परकरात असताना दादांच्या वकिलीच्या ऑफिसच्या उंबऱ्यावर बसून रडायचीस, आठवतं का? "दादा वाईट माणसाकडून का बोलतात?" म्हणायचीस. सुनावणीच्या आदल्या दिवशीची त्यांची ती रीतच. मिठागरावरून आलेला मी, मराठी तिसरी शिकलेला, पाणी भरायला ठेवलेला. मला ते स्वतःच्या खुर्चीत बसवायचे. "आज तू मी. आणि मी समोरचा वकील. शत्रूची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली, तरच आपली उघडावी." मग अशी झोड उठवायचे की माझी बोबडी वळायची. मला पार हरवून झालं की शेजारी बसून सांगायचे, "इथे पाय घसरला बघ तुझा." जो काही कायदा मला येतो तो असा मार खाऊन आला. घरच्या बापाने एवढं केलं नाही माझ्यासाठी.

मी लांबण लावतोय हे तुझ्या ध्यानात आलं असेल. तू त्यांचीच मुलगी.

थळच्या कोळ्यांचा दावा चालू आहे. किनाऱ्यालगतची नारळाची वाडी एका शेठने घेतली, आणि कोळी जिथे पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवतात ती जागाही आपलीच म्हणून कुंपण घालायला निघाला. आपण कोळ्यांकडून. रविवारी संध्याकाळी रीतीप्रमाणे दादासाहेबांनी शेठची बाजू मांडली. सोमवारी कोर्टात उभे राहिले, घसा साफ केला, आणि तीच मांडली. शब्दन्‌शब्द तीच. "हे लोक वाडीमालकाच्या परवानगीने तिथे मासळी सुकवीत आले. परवानगी म्हणजे हक्क नव्हे." आवाज असा खणखणीत की बाहेरचे पक्षकार दारात येऊन उभे राहिले. आधी सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा काही डाव असेल. मग समोरचा वकील उठून म्हणाला, "मला बोलायला काही शिल्लकच ठेवलं नाही," आणि हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त जज्जसाहेब. त्यांनी मान खाली घालून पुढल्या गुरुवारची, २९ तारीख दिली.

कोर्टाच्या पायरीवर थळच्या काळूराम नाखव्याने मला गाठलं. "अंबाकाका, आपलाच नाखवा आपली होरी खडकावर घालतंय काय?" मी म्हटलं, "अरे, वय झालं." तर त्याची आई रंगू मला म्हणते, "माया हाय रं त्यांच्यावर. माझे सासऱ्याला त्यांनीच सोडवला. पन मायेवर बोंबील सुकत न्हाय." किनारा गेला तर ती माणसं मासळी काय डोक्यावर सुकवणार?

घरी येताना दादासाहेब खुशीत होते. "अंबाजी, आज बरं जमलं ना रे?" मी म्हटलं, "झकास जमलं." जीभ झडली नाही माझी.

काल दुपारी मी एक युक्ती केली. म्हटलं, आदल्या दिवशीचंच जर कोर्टात निघतंय, तर आपलीच बाजू घोकून घेऊ. "आज मी शेठचा वकील होतो, तुम्ही आपलं बोला," म्हणालो. ते हसले. "शहाणा झालास की! हो." आणि नलू, काय बोलले म्हणून सांगू! जुना वाघ. माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि जीव सुखावला. एवढ्यात मध्येच थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "अंबाजी, आपण कोणाच्या बाजूने आहोत रे?"

"थळच्या कोळ्यांच्या, दादासाहेब."

"सोमवारी मी कोणाच्या बाजूने बोललो?"

दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. सांगितलं.

मला वाटलं, रागावतील, रडतील. पण त्यांनी ज्युनियर चांगदेवाला आत बोलावलं, आणि आपल्या खुर्चीत बसवून आपली बाजू पहिल्यापासून सांगितली. दोनदा अडखळले तेव्हा मी आठवण दिली. तो गेल्यावर मला म्हणाले, "गुरुवारी तो उभा राहील. मी येणार मात्र. मागच्या बाकावर बसेन. तू माझ्याशेजारी बस. मी उठायला लागलो तर माझा कोट धर."

धरीन म्हणालो खरा, पण आयुष्यभर ते उठले की मी उठलो. ऐन वेळी हात सुन्न पडला तर? किंवा धरला, आणि त्यांनी ओळख नसल्यासारखं वळून पाहिलं तर? मी न धरावा तर थळच्या चुली विझतील. धरावा तर भरल्या कोर्टात त्यांना खाली ओढणारा मी.

तुला कळवू नको असं त्यांनी बजावलंय. हे पत्र त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन लिहितोय.

येत्या बुधवारच्या, २८ तारखेच्या लाँचने ये. रेवसला मी धक्क्यावर उभा असेन. सहज आले म्हणून सांग, मुलांच्या सुट्टीचं काहीतरी निमित्त कर. त्या बाकावर त्यांच्या डाव्या हाताला मी आहे. उजव्या हाताला तू बस, पोरी.

त्यांच्याच ऑफिसातला,
अंबाकाका