कॉपेलहून तेवीस वेळा

अर्विंग, टेक्सास
२४ ऑक्टोबर

आदरणीय ताई,

सविनय जय भीम.

तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. डोळ्यावरची पट्टी निघाली असेल तरच हे पत्र स्वतः वाच, नाहीतर सूनबाईंकडून वाचून घे (शेवटचा भाग मात्र तिला वाचू देऊ नकोस, तेवढा तू भिंग लावून वाच). इकडे मी, मैत्री, जावई आणि अनया मजेत आहोत. माझी साखर ताब्यात आहे. फोनवरही बोलता आलं असतं, पण मी रंगात आलो की तू मध्येच "बरं, जेवलास का?" विचारतेस आणि माझी गाडी रुळावरून उतरते. शिवाय घडलंय ते एवढं जबरदस्त आहे की ते लिहूनच काढायला हवं. ताई, सदुसष्टाव्या वर्षी तुझ्या धाकट्या भावाने भर सभेत एका घराची अब्रू वेशीवर टांगली, आणि तीही कुणाचं वाईट चिंतलेलं नसताना!

इथल्या आपल्या मंडळाची एक वेबसाइट आहे. कार्यक्रमांच्या तारखा, कोणाकडे खोली रिकामी आहे, नव्याने आलेल्यांना नोकरीची माहिती, असं सगळं त्यावर असतं. ती उपासना नावाची एक मुलगी सांभाळायची. तिला बाळ झालं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राकेश यांनी बैठकीत विचारलं, आता कोण बघणार? खोलीत चौदा सॉफ्टवेअर इंजिनियर होते. चौदाच्या चौदा जणांना एकाच वेळी आपापल्या बुटांच्या नाड्या सैल झाल्याचं आठवलं. मी हात वर केला. वीज मंडळाच्या मीटर विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, वेबसाइटला काय घाबरतो? उपासनाने बाळ खांद्यावर घेऊन दोन दुपारी मला सगळं शिकवलं. निघता निघता म्हणाली, "आणि काका, इथे क्लिक केलं की साइटवर कोण आलं-गेलं ते दिसतं." झालं! त्या एका क्लिकने माझं आयुष्य बदललं.

ताई, काय दिसतं म्हणून सांगू! माणूस कोणत्या गावाहून आला, किती वाजता आला, कोणतं पान उघडलं, किती वेळ रेंगाळला, सगळं. नावं नसतात, पण गावं असतात. शेजारच्या प्लेनो गावाहून कोणीतरी रोज सकाळी सहाला रिकाम्या खोल्यांचं पान बघतं. फ्रिस्कोचा एकजण बुद्धवंदना उघडतो आणि नऊ सेकंदांत बंद करतो (नऊ सेकंदांत काय होतं? हात जोडायलाच तेवढे लागतात). मी सकाळचा चहा त्या आलेखासमोर घ्यायला लागलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला उठल्या उठल्या काहीतरी काम होतं, ताई. जेवताना मी सगळ्यांना ताज्या बातम्या सांगायचो. अनया एकदा म्हणाली, "आबा, दॅट्स क्रीपी." हा कौतुकाचा शब्द असावा असं समजून मी चार दिवस खूश होतो.

आता मैत्रीचं ऐक. आपली मैत्री काय नोकरी करते हे मला नऊ वर्षांत समजलं नव्हतं (मी लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचो). तर ती लोकांच्या खाजगी गोष्टींची राखण करते. कोणतीही वेबसाइट उघडली की खाली एक पट्टी येते ना, आम्ही तुमची नोंद ठेवली तर चालेल का म्हणून, आणि आपण न वाचता काहीतरी दाबतो? ती पट्टी कशी असावी, हे ठरवणाऱ्यांत आपली पोरगी आहे. तिने मला सुनावलं, "बाबा, मोजण्याआधी विचारावं लागतं." मी म्हटलं, मीटर वाचायला आमचा माणूस घरोघरी जायचा, त्याने कधी विचारलं होतं? ती म्हणाली, "मीटरवर फक्त किती वीज जळली ते कळतं. कोणत्या खोलीत दिवा किती वाजता लागला, ते कळतं का?" आता ही मलाच मीटर शिकवणार, म्हणून मी रागावलो.

तरी मी तिचं ऐकलं हो! पट्टी लावली. तीन परिच्छेदांचा मजकूर मी स्वतः शुद्ध मराठीत लिहिला. खाली "सहर्ष संमती" असं मोठं हिरवं बटन, आणि कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत "नको", मोहरीच्या दाण्याएवढं. पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के संमती! मी मैत्रीला अभिमानाने दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "बाबा, याला संमती नाही, फसवणूक म्हणतात. मी दिवसभर अशाच लोकांशी भांडते, आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर..." पुढचं तिने गिळलं. मला वाटलं, जळते.

मग ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी आला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, दीडशे माणसं, मागे पुलाव आणि वडाभाताचा घमघमाट. मला "वेबसाइटचा अहवाल" म्हणून दहा मिनिटं दिली होती. मी मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख लावले. टाळ्या पडत होत्या! टाळ्यांनी मला चेव चढला आणि मी सांगून बसलो, "आणि सर्वांत निष्ठावान वाचक आहे कॉपेलचा! 'भारतात परत जाताना' हे आपलं पान या व्यक्तीने एका महिन्यात तेवीस वेळा वाचलं आहे. रोज दुपारी, बरोबर दोन ते अडीच! जोरदार टाळ्या!"

टाळी एकही पडली नाही. ताई, कॉपेलमध्ये आपल्या मंडळाचं एकच घर आहे. कुशल आणि राधाचं. राधा दुपारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते आणि कुशल घरून काम करतो, हे सगळ्या हॉलला ठाऊक. दीडशे माना एकदम तिसऱ्या रांगेकडे वळल्या. दोघांनी गेल्याच महिन्यात नवं घर बुक केलंय.

राधा हळूच बोलली, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "कुशल, तुला परत जायचंय?"

"मी नाही गं! यार, मी ते पान उघडलेलंसुद्धा नाही!"

"मग दुपारी घरात कोण असतं?"

 मैत्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. आणि त्या दोघांच्या शेजारून एक बारीक आवाज आला, "मी वाचत होती."

त्या होत्या कुशलच्या आई, वत्सलाबाई. चंद्रपूरकडच्या, वय बहात्तर. सहा महिन्यांसाठी नातवंडांजवळ आल्या होत्या. मुलाने मुक्काम वाढवायचा अर्ज भरला, आणि जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. मुलं दुपारी झोपली की त्या टॅबलेटवर ते पान काढून बसायच्या. विमानतळावर चाकाची खुर्ची कशी मागायची, बॅगेत वजन किती चालतं, मुंबईला उतरल्यावर कुठे वळायचं, सगळं पाठ केलं होतं. उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "धान कापणीच्या आधी घरी जावं वाटते. मले कोणी इचारलंच नाही, तं मी तरी काय सांगू?" आणि खाली बसून पदराने चष्मा पुसू लागल्या. कुशलचा चेहरा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. राधा रडायलाच लागली. अध्यक्ष राकेश यांनी घाईघाईने जेवणाची घोषणा केली.

  त्या दिवशी घरी आल्यावर मी मैत्रीला विचारलं, "मी तर कुणाचं नाव घेतलं नव्हतं ना?" ती म्हणाली, "बाबा, गावात एकच घर असलं की गावाचं नाव हेच माणसाचं नाव." ताई, मी एकतीस वर्षं आकड्यांत घालवली आणि हे मला कळलं नव्हतं. रात्रभर लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी साइटवर किती जण आले? एक. तो मी!

शनिवारी मैत्रीला घेऊन कॉपेलला माफी मागायला गेलो. मला वाटलं होतं कुशल दारातूनच परत पाठवेल. त्याने चहा ठेवला. म्हणाला, "काका, मी तुमच्यावर चिडलोय, पण माझ्यावर जास्त चिडलोय." टेबलावर तिकिटाचा कागद होता, नऊ नोव्हेंबरचा. वत्सलाबाई तर इतक्या खुलल्या होत्या की ओळखू येईनात. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळं पोरानं इचारलं तरी." मी हसायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुढे म्हणाल्या, "पण भाऊ, पुन्हा कोणाचं असं नका करू. मी घरात बसून काय वाचतो, ते मायं मले असू द्या." मैत्री माझ्याकडे बघत होती. ताई, तिने वर्षभर मोठमोठ्या शब्दांत जे सांगितलं, ते या बाईने एका वाक्यात सांगितलं.

आता ऐक, मी काय काय केलं! जुन्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. गाव आणि वेळ यांची मोजणी बंद. दहापेक्षा कमी माणसं असतील तर आकडा कुणाला दाखवायचाच नाही, मलासुद्धा नाही. आणि नवी पट्टी, दोन ओळींची: "तुम्ही इथे काय वाचता ते आम्ही मोजलं तर चालेल का? नको म्हणालात तरी सगळी पानं वाचता येतील." खाली "हो" आणि "नको", एकाच रंगात, एकाच मापात. मैत्रीने फूटपट्टीने मोजून बघितलं! आणि माझ्या डोळ्यांदेखत "नको" दाबलं.

पहिल्या आठवड्यात एकसष्ट जण आले. "हो" किती जण म्हणाले असतील? सोळा! शंभर टक्क्यांवरून थेट सव्वीसवर! पण ताई, खरं सांगतो, त्या शंभर टक्क्यांच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला या सोळांचा झाला. ही सोळा माणसं वाचून, समजून हो म्हणाली. कोण आहेत ते मला माहीत नाही, आणि माहीत नसण्यातही एवढी गंमत असते हे नव्याने कळतंय. पुढच्या महिन्यात पट्टीचा मजकूर इंग्रजीतही टाकणार आहे, कारण इथली मुलं मराठी बघितल्याबरोबर "नको" दाबतात असा माझा संशय आहे (संशयच, पुरावा ठेवत नाही).

भाचेजावयांना आणि शेजारच्यांना जय भीम. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा.

तुझा धाकटा भाऊ,
पंडित

ता. क. वत्सलाबाईंनी एवढा प्रवास एकटीने कसा करायचा म्हणून कुशल काळजीत होता. मी म्हटलं, मी जातो सोबतीला. नऊ नोव्हेंबरच्या त्याच विमानात माझीही जागा आहे. मैत्रीला सांगितलंय, पंधरा दिवसांत परत येतो.

ता. क. २ (हे सूनबाईंना वाचू देऊ नकोस, ती लगेच मैत्रीला कळवेल.) परतीचं तिकीट मी काढलेलं नाही. लेक, जावई लाखात एक आहेत, काही कमी नाही, पण ताई, इथे मला दिवसभर कोणी "अरे पंडित" म्हणत नाही. माझी वरची खोली मोकळी करून ठेव. आणि मी पोचलो की तू मैत्रीला फोन करून सांग, "मला पंडितशिवाय करमत नाही, त्याला उन्हाळ्यापर्यंत ठेवून घेते." मी विचारलं तर ती नको म्हणेल, म्हणून विचारत नाही.

ता. क. ३ आत्या, मी मैत्री. अनयाचं चित्र आत घालायला बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि मी सगळं पत्र वाचलं. विचारलं नाही. (माझ्या ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल.) बाबांनी विचारलं असतं, तर मी थोडी रडले असते आणि हो म्हणाले असते. त्यांना हवं तेवढे दिवस राहू दे. तू फोन कर, तुला करमत नाही म्हणून सांग, मी खरं मानल्यासारखं करेन.