शनिवारचं पान

शुक्रवार, संध्याकाळ

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला, सहा वर्षांचा अबोला सोडून, आज भंवरकुआं मोहल्ल्यात जाऊबाईंकडे गेले. त्यांच्या खिडकीत अकरा कुंड्या आणि प्रत्येकीत माझंच सक्युलंट, तेच जाड पानांचं, गुलाबी कडांचं. आणि मी इथे पानं गायब होतात म्हणून खारीला शिव्या घालतेय.

जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी दर शनिवारी खिशातून एक पान आणतात. एका पानातून पूरा पौधा होतो गं. तूच पाठवतेस ना?"

माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं.

दर शनिवारी? मला तर हे सांगतात, मित्राकडे चाललो. आज मी घरी परतले तर वर मलाच विचारतात, "घर सापडलं का?"

उद्या शनिवार. सगळ्यात जाड पान मीच तोडून यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलंय.