पाहुण्याला दिलेला हाल

१० नोव्हेंबर, सोमवार
बोलन घाटातल्या सियाहगट स्टेशनावर आज हजर झालो. दहा मैल रूळ, तीन बोगदे आणि गँगमन दोनच: मी आणि म्हातारा लाला रहमदिल. खोलीला पक्कं छप्पर आहे, दारात नळ आहे. सिबीच्या भाड्याच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं! लाला म्हणाला, "इथे गाडीपेक्षा शेळ्या वेळेवर येतात." शुक्रवारच्या गाडीने बायको ग्रानाज आणि आमची लेक सम्मल सिबीहून यायच्या आहेत. भिंतींना चुना लावायला घेतला.

११ नोव्हेंबर
दुसऱ्या बोगद्यापाशी एक धनगर भेटला. आम्हा बलोचांत माणूस भेटला की आधी हाल द्यायचा नि घ्यायचा: कुठून आलास, वाटेत काय पाहिलंस, घरचे कसे आहेत. हाल लपवणारा बलोच कसला? पाहुणा म्हणून भाकरी मोडून दिली, चहा पाजला आणि सगळा हाल दिला. आधी रूळ तपासायला रिकामं इंजिन जातं, वीस मिनिटांनी गाडी. शिपाई फक्त मोठ्या पुलावर. शुक्रवारी माझी माणसं येताहेत. त्याचा हाल मात्र दोन वाक्यांत आटोपला.
त्याच्यासोबत शेळी एकही नव्हती. हे घरी आल्यावर सुचलं.

१२ नोव्हेंबर
लालाला सांगितलं. तो हसला नाही. पायात काय होतं, एवढंच विचारलं. नवे बूट होते. "तू हाल नाही दिलास, बिजार," तो म्हणाला, "वेळापत्रक दिलंस." कुणाला सांगू नकोस म्हणाला, चौकशीला नेलेला माणूस लवकर परतत नाही. माझी जीभ झडली का नाही काल!

१३ नोव्हेंबर
तो धनगर पुन्हा आला. टेकला नाही. तुझं मीठ खाल्लंय म्हणून सांगतो, म्हणाला, बायकोला उद्या गाडीत बसवू नकोस.
ग्रानाजचा फोन लागत नाही. सगळीकडचे मोबाइल सरकारने बंद केलेत. शेवटी धावत स्टेशन मास्तरांकडे गेलो, सगळं कबूल केलं. त्यांनी स्टेशनचा फोन उचलला. मुका. तार कापलीय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लाला पहाटेच पुलावरच्या शिपायांकडे गेला. अजून नाही आला.

दुपार
दुसऱ्या बोगद्यातल्या कोनाड्यात आहे. मी पोचण्याआधीच रिकामं इंजिन निघून गेलं. रुळाखालची खडी उकरून पुन्हा भरलीय. हात लावायची छाती नाही— लाल झेंडा आहे, पण आतून ड्रायव्हरला दिसायचा नाही. सिबीकडच्या तोंडाबाहेर जायला हवं. तिथे ते चौघे बंदुका घेऊन बसलेत, त्यांत माझा पाहुणाही. पाहुणा हात करून सांगतो, तिथेच बस, तुला कुणी शिवणार नाही.

वही कोनाड्यातच ठेवून जाईन. लाला, सापडली तर सगळ्यांना सांग. मीच सांगितलं होतं. मीच—

रूळ गुणगुणू लागला. सम्मलला खिडकीशीच बसायचं असतं.

झेंडा उघडला. पाहुणा उठलाय, ओरडतोय, बस खाली, वेड्या, मी तुझं मीठ—