हिरवं बाहेर, गुलाबी आत

सोमवार, ४ मार्च

आतून कडी! घरात माणसं दोन, त्यातला एक कॉम्प्युटरच्या खोलीत कडी लावून बसतो! दार वाजवलं तर आतली कुजबुज बंद. उघडलं तेव्हा हे साळसूदपणे खुर्चीत, पुढ्यात आजच आणलेला माईक. "डेपोची आठवण येते गं," म्हणे. जन्मभर बस डेपोत गाड्या पुकारल्या, घरी आलं की तोंडाला कुलूप. आणि आता निवृत्त झाल्यावर कुजबुज? पाणी मुरतंय कुठेतरी.

मंगळवार, ५ मार्च

हे भावाकडे गेले होते, रात्रीच परतणार होते. पडद्यांचं कापड आणायचं सांगून मीही निघाले आणि गेले ती कॉम्प्युटर दुरुस्तीवालीकडे. म्हटलं, माईक बंद पडायला हवा, पण मोडायला नको.

तिने दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटरचा एक डबा फिरवून त्याची पाठ दाखवली. तीन रंगांची तीन भोकं. "काकू, हिरव्यातून आवाज बाहेर जातो, तिथे स्पीकर नाहीतर हेडफोन. गुलाबीतून आत येतो, तिथे माईक. निळं टेपरेकॉर्डर वगैरे जोडायला, ते सोडा. पिना सगळ्या एकाच मापाच्या, कुठेही बसतात. भलतीकडे घातली तर जळत बिळत नाही काही, फक्त आवाज आत जात नाही."

मग भुवया उडवून म्हणाली, "पण कशाला हवंय तुम्हाला हे?"

"घरात उंदीर झालेत," म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही!

बुधवार, ६ मार्च

हे आंघोळीला गेले आणि मी टेबलाखाली. ह्या वयात! गुलाबीतली पिन उपटली, हिरव्यात खुपसली. आमचे स्पीकर कधीचे माळ्यावर, त्यामुळे हिरवं रिकामंच होतं. बोला आता भिंतीशी!

शनिवार, ९ मार्च

कमाल आहे! रोज तासभर बोलतात, आणि तेही खुशीत. आज दाराला कान लावला. लाज वाटली, तरी लावला. "जेवलीस का?" — इतकं मऊ! मग हसले. मला कधी विचारलंय असं?

पण तिला ऐकूच जात नसेल तर हसतात कशावर? ती तिकडून लिहीत असणार. यांना पत्ता नाही. डेपोतली खोड — पुकारायचं आणि मोकळं व्हायचं, आपलं आपण कधी ऐकायचं नाही.

सोमवार, ११ मार्च

पडद्यांची शिलाई सगळी वाकडी. उसवत बसले.

गुरुवार, १४ मार्च

भाऊजी आले होते. दोघे भाऊ गच्चीवर. चहा घेऊन गेले तर एकदम चिडीचूप. भाऊजींचे डोळे लाल. म्हणजे धाकट्या भावालाही सगळं ठाऊक, आणि मी तेवढी वेडी!

शुक्रवार, १५ मार्च

यांच्या घशात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. "किरकोळ आहे गं, चार दिवसांत घरी." आवाज बसलाय ते मला जाणवत होतं, वाटलं कुजबुजून बसला. ऐकलं आणि देवापुढे दिवा लावला.

पण दवाखान्याच्या कागदांवर सह्या भाऊजींच्या का? मी मेले होते? आणि संध्याकाळी परत कडी! ऑपरेशन तोंडावर आलं तरी तिचा निरोप घ्यायचाच! पिन जागेवर लावायला वाकले होते. नाही लावली.

मंगळवार, १९ मार्च

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली, आता जिवाला धोका नाही. स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज जाणार हे यांनी तुम्हाला सांगितलंच असेल."

मी भाऊजींकडे बघितलं. "वहिनी, दादाने शपथ घातली होती. म्हणाला, तिला आधी कळलं तर ती आत्तापासून रडत बसेल."

आज हे नीट शुद्धीवर आले. गळाभर पट्ट्या. नर्सने पाटी दिली, तिच्यावर सावकाश लिहिलं, 'रडू नकोस. कॉम्प्युटरमध्ये तुझ्यासाठी खूप बोलून ठेवलंय. रोज थोडं थोडं ऐक.' आणि मोठ्या ऐटीत माझ्याकडे बघितलं.

तुझ्यासाठी! म्हणजे ती मीच! आणि पिन हिरव्यात. देवा, काय करून बसले मी! यांच्यासमोर हसले. दुसरं काय करणार होते?

बुधवार, २० मार्च

माळ्यावरून स्पीकर काढून जोडले. सगळ्या फाइली मुक्या. फक्त पहिल्या दिवशीच्या फाइलीत आवाज आहे. "अगं, ऐकतेस का?" म्हणतात. मग खाकरतात. मग — "जाऊ दे, उद्या नीट बोलतो."