कै. तुळशीराम यांचा साइट मॅप

॥ गावदेवी प्रसन्न ॥

विचुंबे, नवीन पनवेल
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१३

तीर्थस्वरूप गुणाताईस,

धाकटा भाऊ तुळशीराम याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला उतरला का, आणि परसातला शेवगा यंदा धरला की नाही, हे सवडीने कळव. आमच्याकडची खुशाली अशी की मी जिवंत आहे. (हे वाक्य मी दरवेळी लिहीत नाही, कारण आजवर गरज पडली नव्हती. या वेळी पडली. उरणपर्यंत काही उलटसुलट बातमी आली असेल तर हे पत्र पुरावा समज. मेलेल्या माणसाचं अक्षर इतकं वळणदार येत नाही.) तुझी भावजय चंद्रावती हिची तब्येत उत्तम आहे, फक्त रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही.

ताई, मुद्द्याचं आधीच सांगतो, म्हणजे पुढे धीर सुटला तरी एवढं सांगून झालेलं असेल. आपल्या गावाच्या वेबसाइटवर माझ्या हातून एक यादी जगजाहीर झाली आहे. तीत अकरा नावं आहेत आणि अकरावं तुझं आहे. तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही, पण तुझी नात रिया या रविवारी खारघरच्या कॉलेजातून घरी येईल, तिच्या मोबाईलवर हल्ली सगळं दिसतं, आणि ती ते तुला वाचून दाखवील. त्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हा पत्रप्रपंच. फोन मी तीनदा केला होता, आठवत असेल. तिन्ही वेळा सुक्या बोंबलाचा भाव विचारला आणि ठेवून दिला.

वेबसाइटचं वेड तुला माहीत आहे. वेतनवाढ थांबेल या भीतीने मी त्रेपन्नाव्या वर्षी एम.एस.सी.आय.टी. पास झालो, आणि निवृत्त झाल्यावर ते शिकलेलं कुठेतरी सांडायला हवं होतं. तीन वर्षांत गावाचा इतिहास, गावदेवीची जत्रा, मिठागरं, जुने फोटो अशी त्रेचाळीस पानं भरली. तक्रार एकच येई, की गुरुजी, तुमच्या साइटवर काही सापडत नाही. (काही शोधायला कोणी जात नव्हतं, हा भाग निराळा.) मग मला इंटरनेटवर एक फुकट प्लगिन मिळालं. प्लगिन म्हणजे वेबसाइटला मागाहून जोडायची वस्तू, मिक्सरला नारळ खवायचं भांडं जोडतात तशी. ते दोन कामं करणार होतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आपोआप अनुक्रमणिका लावायची, आणि सगळ्या वेबसाइटची मिळून एक यादी आपोआप करायची, तिला साइट मॅप म्हणतात. आपोआप या शब्दाला मी भुललो. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत एकही गोष्ट आपोआप झालेली मी पाहिली नव्हती.

पहिला धक्का अनुक्रमणिकेचा. ते यंत्र मजकूर वाचत नाही, फक्त शीर्षकं गोळा करतं, आणि शीर्षक कोणतं ते मी 'हेडिंग' नावाचं बटण दाबलं की ठरतं. आता माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ते बटण दाबलं की अक्षर मोठं होतं एवढंच मला ठाऊक, म्हणून स्वतःच्या आठवणीसाठी जे जे टिपून ठेवलं ते सगळं मी त्याच बटणाने मोठं केलेलं. तेव्हा आपल्या गावाच्या इतिहासाची अनुक्रमणिका लागली ती अशी: एक, प्राचीन काळ, दोन, ही तारीख खोटी वाटते, तीन, पोर्तुगीजांचा अंमल, चार, इथे कुमारचा फोटो मुळीच टाकू नये. मी हबकलो, पण ते निस्तरण्याजोगं होतं. निस्तरून झालं आणि त्या आनंदात मी गावात जाऊन देवळाच्या फळ्यावर नोटीस लावली.

नोटीस अशी: 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, साइट मॅप तयार झाला असून तो वेबसाइटवर टाकला आहे. यापुढील सर्व बदल त्यात आपोआप होतील. सर्वांनी पाहून घ्यावा.' व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पण ताई, आपल्याकडे साइट कशाला म्हणतात? तुझा जावई रोज सकाळी साइटवर जातो तो काय वाचायला जातो? विमानतळ येणार, जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळणार म्हणून सगळी गावं मोजणीकडे डोळे लावून बसलेली, आणि शिकलासवरलेला माणूस लेखी कळवतो की साइटचा नकाशा तयार आहे आणि बदल आपोआप होतील. शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर जिन्यात बावीस माणसं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. "गुरुजी, आमचा प्लॉट कुठं हाय? खालपर्यंत बगितला, आमचं नाव नाय." एकाला कोपऱ्याचा हवा होता. मी समजावलं की बाबांनो, ही पानांची यादी आहे, जमिनीची नव्हे. त्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गुरुजी काहीतरी लपवतात हे त्यांचं नक्की झालं.

आणि दुर्दैव असं की लपवलेलं होतंच. त्रेचाळीस पानांखेरीज चव्वेचाळिसावं एक पान होतं. ते मी कुठल्याच मेनूत दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते झाकलेलं आहे अशी माझी समजूत. पण मेनूत नसलेलं पानही साइट मॅपमध्ये येतं. पाहुण्यांना घर दाखवताना लहान मूल कोनाड्यातली बाटलीही दाखवतं, तसा तो प्रकार. त्या पानाचं नाव होतं 'कै. तुळशीराम घरत यांचे निवेदन'. ('कै.' मीच लावून ठेवलं होतं. मी गेल्यावर ते लावायचं कोणाला सुचेल याची खात्री नव्हती.) आयुष्यभर जे जे कबूल करायचं राहिलं ते माणसामाणसाच्या नावाने त्यात लिहून ठेवलं होतं, मी मेल्यावर मुलाने उघडावं म्हणून. प्लॉट शोधता शोधता लोक यादीच्या तळाला पोचले आणि तिथे मी कैलासवासी होऊन बसलेला.

कुमार तुला आठवत असेल, माझा जुना विद्यार्थी, आता रेती-खडीचा मोठा सप्लायर आणि शाळा समितीचा अध्यक्ष. कुमार शीर्षकाच्या पुढे काही वाचत नाही, शाळेतही वाचत नसे. शनिवारी मी चष्म्याची काडी बसवून पळस्प्याच्या नाक्यावर टमटमची वाट पाहत उभा होतो. सहज समोर बघतो तर मी. आठ फूट बाय दहा फूट. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हात जोडलेला कुमार, माझ्याहून मोठा. ताई, मी विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. स्वतःच्या मरणाची बातमी वाचल्यावर माणसाच्या मनात पहिलं काय येतं ते मला आता ठाऊक झालं आहे. यांना याच्याहून बरा फोटो मिळाला नाही का, हे येतं. टमटमवाल्याने एकदा बॅनरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकट्यालाच पुढे बसवून आणलं. शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मी हयात असल्याचं सर्वत्र कळलं. मग लोकांनी ते पान वाचायला घेतलं, आणि इथे त्या अनुक्रमणिकेने माझा घात केला. असा कागद पूर्वी सापडला असता तर तो पहिल्यापासून वाचावा लागला असता आणि निम्मे लोक मध्येच कंटाळले असते. इथे डोक्यावर अकरा नावं ओळीने, आपल्या नावावर दाबलं की पान थेट त्याच ठिकाणी. कुमारचा क्रमांक तिसरा. चौथीच्या गणितात तो नऊ गुणांनी गेला होता आणि ते नऊ मी माझ्या पेनाने वाढवले, हे त्याने स्वतः वाचलं. रात्र व्हायच्या आत बॅनर उतरला. श्रद्धांजली परत घेतल्याचं तालुक्यातलं हे पहिलंच उदाहरण असावं.

सहावी आपल्या गावातली भामा. चौऱ्याण्णव साली तपासणीचे साहेब शाळेत जेवले तेव्हा कोंबडी कोणाची होती, ते मी तिथे लिहिलं आहे. भामाने ती जनीने खाल्ली असं धरून चालून एकोणीस वर्षं शेजारणीशी बोलणं टाकलं होतं, एकमेकींच्या घरच्या हळदीलाही त्या गेल्या नाहीत. रविवारी दोघी एका रिक्षाने आमच्याकडे आल्या. पाणी प्यायल्या, मला जे बोलायचं ते बोलल्या (ते लिहिण्यासारखं नाही), आणि निघताना भामा जनीला म्हणाली, "चल गो बाय, जिना जपून उतर." मी छत्तीस वर्षांत गावात एवढा सलोखा घडवून आणला नव्हता.

बाकीची नावं बहुतेक विद्यार्थ्यांची. कोणाला सहा गुण वाढवून दिले, कोणाला बारा. माझ्या हाताखालून एकही पोर नापास झालं नाही, आणि गाव मला दयाळू म्हणत आलं. चंद्रावतीने पहिली दहा नावं हसत हसत वाचली. अकरावं वाचलं आणि कॉम्प्युटर बंद करून आत गेली. नंतर एवढंच म्हणाली, की फोन करू नका, कागदावर लिहा आणि खरं लिहा. त्यानंतर चहासुद्धा न बोलता ठेवते.

तर तुझ्याबद्दल तिथे विशेष असं काही नाही, ताई. एवढंच लिहिलं आहे की दरवर्षी तू हौसेने खाडीतल्या जिताड्याचं कालवण करून पाठवतेस, त्यात मीठ अंमळ जास्त असतं, आणि मी चाळीस वर्षं खोटी तारीफ करत आलो. मिठागरवाल्यांच्या घरी दिलेली बहीण, हात सैल असायचाच. राग मानू नकोस. दाजींना नमस्कार, रियाला आशीर्वाद. थोरल्या बहिणीपुढे आणखी काय लिहावं.

तुझा,
तुळशीराम

ता. क. कालवणाचं लिहिलं ते खोटं. कालवण उत्तम असतं. चंद्रावतीने पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचलं आणि न बोलता परत माझ्यापुढे ठेवलं.

चौथीला आपण एकाच वर्गात होतो, कारण धाकट्यांना सांभाळण्यात तुझी दोन वर्षं गेली होती. आबा म्हणाले होते, जो वरचा येईल त्याला पनवेलला पाचवीत घालीन, दोघांचं जमणार नाही. निकालाच्या दिवशी तू आयेबरोबर मिठागरावर होतीस म्हणून गुरुजींनी कागद माझ्याकडे दिला. आबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, तुळशीराम पास, गुणा नापास. मग कागद खाडीत टाकला. गुरुजींची त्याच सुट्टीत बदली झाली आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. ताई, मी काठावर पास झालो होतो. तू वर्गात पहिली आली होतीस.

एकावन्न वर्षं तू म्हणतेस, "आमी नापास बाया, आमाला काय समजतंय." आणि श्रावणात सगळ्या आळीला पोथी वाचून दाखवतेस, एकदाही न अडखळता, आणि मी मास्तर शेजारी बसून ऐकतो. मला लाज वाटते. मेल्यावर कळावं असं ठरवलं होतं, कारण मेलेल्याला कोणी जाब विचारत नाही. विनंती एवढीच की उत्तर रियाकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या हाताने लिही. शिव्या असल्या तरी चालतील, पण अक्षर तुझं असू दे.

ता. क. दुसरे. मी ते पान काढून टाकलं असं तुला कोणी सांगेल. पुरतं काढलेलं नाही. आज सकाळी बसून माझ्या नावाआधीचं 'कै.' काढलं, कुमारला खोडलं, भामाला खोडलं, एकेक करत दहाही जण खोडले. तुझ्यापाशी आलो आणि हात चालेना. तेवढ्यात अनुक्रमणिका आपोआप नव्याने लागली. आता तुझा नंबर पहिला आहे.