तीन पंख्यांचा कूलर परत

चिमणे,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. कॉम्प्युटरचा लिक्विड कूलर बदलून आणायला चाललोय. त्याचा तीन पंख्यांचा रेडिएटर आपल्या कॅबिनेटमध्ये काही केल्या मावत नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, कॅबिनेटच नवीन घ्या ना." मी साफ नाही म्हटलं. ते तू आणि आईनं स्वयंपाकघरात बसून जोडलंय. कॉम्प्युटर तापला की आई टेबलफॅन ओढून आणायची आणि ओरडायची, "लेकरू फणफणलंय, वारा घाला!" तुम्हा दोघींची हसून पुरेवाट व्हायची आणि मी पेपरात डोकं खुपसून बसायचो.

दोन पंख्यांचा बसेल, तोच आणतो. चहा थर्मासमध्ये आहे. मी येईपर्यंत कॅबिनेट उघडू नकोस. या वेळी स्क्रू मी धरणार.

बाबा